मातीची साक्ष : जमिनीतून निघालेल्या वस्तूंची सत्यता कशी पारखावी?

भीमेच्या खोऱ्यातील कोणत्याही जुन्या गावात चौकशी केली, तर ‘आमच्या रानात जुनं काहीतरी निघालं होतं’ असे सांगणारे दोन-चार जण हमखास भेटतात. विहीर खणताना, कालव्याचा चर काढताना, घराच्या माळवदासाठी पांढरीची माती उपसताना कोठे खापरे निघतात, कोठे मणी, कोठे शंखाच्या बांगडीचा तुकडा, कोठे काळवंडलेले नाणे. पुढे त्यांचे काय होते? मणी मुलांच्या खेळण्यात जातात, नाणे देव्हाऱ्यात किंवा भंगारात जाते, कोरीव दगड धुणे धुण्यासाठी ओढ्यावर जातो. क्वचित एखादी वस्तू बोभाटा होऊन ‘हजार वर्षांपूर्वीची’, ‘दोन हजार वर्षांपूर्वीची’ ठरते. ती कोणी पारखली, कशी पारखली, हे मात्र कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, इतिहास हा केवळ पुस्तकात नसतो, तो आपल्या पायांखालीही असतो. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके लेखणी नव्हती, त्याच्यासाठी तर ही जमिनीखालची साधने विशेष मोलाची आहेत. पोथी लिहिणारा कोणाचे नाव लिहावे आणि कोणाचे गाळावे हे ठरवतो. कुंभाराचे खापर, विणकराची चाती, भिक्खूंचे भिक्षापात्र यांना कोणी गाळू शकत नाही. ती मातीत राहतात आणि खणणाऱ्याची वाट पाहतात. म्हणूनच ही साक्ष खरी की खोटी, हे तपासण्याची विद्या आपण शिकली पाहिजे.

अस्सल वस्तू आणि अस्सल शोध

सर्वप्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. वस्तू अस्सल असणे ही एक गोष्ट आणि तिचा शोध अस्सल असणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंची गल्लत झाली की अभ्यासकही फसतात.

काही वेळा वस्तूच बनावट असते. इंग्लंडमध्ये १९१२ साली ‘पिल्टडाउन मानव’ म्हणून जाहीर झालेले कवटीचे अवशेष तब्बल चाळीस वर्षे मानवाच्या उत्क्रांतीचा पुरावा म्हणून मिरवले. १९५३ मध्ये सिद्ध झाले की कवटी माणसाची, पण जबडा ओरांगउटानाचा होता आणि जुनाट दिसावीत म्हणून हाडे रंगवली होती.

काही वेळा वस्तू खरी असते, शोध मात्र खोटा असतो. जपानमध्ये शिनिची फुजिमुरा नावाचा हौशी संशोधक लाखो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे शोधून काढण्याबद्दल विख्यात होता. नोव्हेंबर २००० मध्ये ‘मायनिची’ या वृत्तपत्राने त्याची छायाचित्रे छापली. उत्खननाच्या जागी तो स्वतःच हत्यारे पुरत होता! ती हत्यारे प्राचीनच होती, परंतु ज्या थरात ती ‘सापडली’ तो थर त्यांचा नव्हता. त्या देशाला शालेय पाठ्यपुस्तकेसुद्धा बदलावी लागली.

तिसरा प्रकार याहून निराळा. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे रोमन नाण्यांवरून काढलेले मातीचे ठसे मिळाले आहेत. ती रोमन नाणी नव्हेत, नक्कलच आहे. पण ती नक्कल सातवाहन काळातील कारागिराने केली आहे. त्यामुळे नक्कल असूनही ती अस्सल पुरावा ठरते. रोमन नाणी येथील लोकांच्या इतकी परिचयाची झाली होती की त्यांचे मातीचे अलंकार करावेसे वाटले, ही माहिती तो ठसा आपल्याला देतो. तात्पर्य, ‘खरे की खोटे’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ‘कोणी केले, केव्हा केले आणि जमिनीत केव्हा गेले’ असे तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिली कसोटी : जागा आणि थर

जुन्या वस्तीच्या जागी माणसांच्या पिढ्यांमागून पिढ्या राहतात. घरे पडतात, राख, शेण, कचरा आणि मातीच्या भिंती एकावर एक साचत जातात. यालाच आपण ‘पांढर’ म्हणतो. सर्वसाधारणपणे खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा. या साध्या नियमावर पुरातत्त्वविद्येची इमारत उभी आहे. थर दोन फूट खाली आहे की चार फूट, यापेक्षा त्याच्यावर कोणता थर आहे आणि खाली कोणता, हे महत्त्वाचे असते.

या नियमालाही अपवाद असतात. वरच्या काळातील लोकांनी पेव किंवा कचऱ्याचा खड्डा खणला, तर नंतरची वस्तू जुन्या थरात उतरते. उंदीर-घुशींची बिळे, झाडांची मुळे यांमुळेही वस्तू खाली-वर होतात. म्हणून उत्खनक खड्ड्याची कड, मातीचा रंग, तिची घट्टी यांचे आरेखन करतो. वस्तू एकदा मातीतून उपटून हातात घेतली की हा पुरावा कायमचा नष्ट होतो. मोडलेली मूर्ती पुन्हा जोडता येते. विस्कटलेला थर जोडता येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद हे होय. १९७४ साली प्रवरेच्या काठी छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे सापडली : बैल जोडलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक! भारतीय पुरातत्त्वाच्या इतिहासातील हा फार मोठा शोध एका आदिवासी शेतकऱ्याच्या हातून लागला, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावे.

परंतु ही शिल्पे पद्धतशीर उत्खननात निघाली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाविषयी वाद उभा राहिला. म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी यांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे लक्ष वेधले. या शिल्पांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत अशी मिश्रधातू आढळत नाही. म्हणून ती पुढच्या, ऐतिहासिक काळातील असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही मतांमधील अंतर हजाराहून अधिक वर्षांचे आहे. शिल्पे बनावट आहेत असे दोन्ही पक्षांपैकी कोणी म्हणत नाही. तरीही थराची साक्ष स्पष्ट नसली की अस्सल वस्तूसुद्धा आपले वय निर्विवादपणे सांगू शकत नाही. ज्ञान हरवते ते असे.

दुसरी कसोटी : सोबतच्या वस्तू

एकटी वस्तू संशयास्पद, समूहातील वस्तू विश्वासार्ह. एखाद्या थरात विशिष्ट घडणीची खापरे, विशिष्ट नाणी, विशिष्ट मापाच्या विटा एकत्र मिळाल्या तर त्या एकमेकींना दुजोरा देतात. या कामी खापराइतका भरवशाचा साक्षीदार नाही, कारण खापराची कोणी चोरी करीत नाही आणि विकण्यासाठी बनावट खापरेही सहसा कोणी करीत नाही.

या कसोटीतला एक बारकावा नालासोपारा येथील स्तूपावरून समजून घेऊ. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खणला. आत दगडी मंजूषा होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक, सोन्याची फुले आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. नाण्यावरून हा निक्षेप इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानला गेला. परंतु करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्तीही मांडलेल्या होत्या आणि शैलीवरून त्या आठव्या-नवव्या शतकातील असल्याचे पुढील अभ्यासकांनी दाखवले.

मग खोटे काय? काहीच नाही. जुना स्तूप नंतरच्या काळात श्रद्धेने पुन्हा उघडून त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या, असा त्याचा अर्थ लागतो. नियम असा की एकत्र पुरलेल्या वस्तूंचा निक्षेप त्यांतील सर्वांत अलीकडच्या वस्तूइतका किंवा त्याहून अलीकडचा असतो. सर्वांत जुन्या वस्तूवरून त्याचा काळ ठरवता येत नाही. आजीच्या पेटीत शिवराई निघाली म्हणून पेटी शिवकालीन होत नाही, हाच तो न्याय. आणि या विवेचनाने सोपाऱ्याचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. तेथे बौद्ध उपासना कित्येक शतके टिकून होती, हे त्यातूनच कळते.

तिसरी कसोटी : द्रव्य आणि घडण

यात्रा-जत्रांतून ‘शिवकालीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शिवराया आपण पाहतो. खरी शिवराई हाताने ठसा मारून पाडलेली असे. ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे बहुधा कडेला तुटतात. एकसारख्या गोल, पूर्ण अक्षरांच्या, एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या दहा शिवराया कोणी दाखवल्या, तर त्या एकाच साच्यातून ओतल्या असल्याचा संशय घ्यावा. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे आणि कडेला साच्याची शिवण दिसते. शिवाय याच मजकुराच्या शिवराया शिवकाळानंतरही दीर्घकाळ पाडल्या जात होत्या. म्हणून खरी शिवराईदेखील केवळ अक्षरांवरून शिवाजी महाराजांच्या काळातील ठरत नाही.

तांब्यावरचा हिरवा थर हा दुसरा मुद्दा. जमिनीत शतके काढलेल्या तांब्यावरचा गंज आतपर्यंत मुरलेला, कमीजास्त जाडीचा, मातीचे कण धरून बसलेला असतो. आम्ल लावून घाईने चढवलेला हिरवा रंग वरवरचा असतो आणि खोलगट जागी साचतो. परंतु यासाठी नाणे घासू नये, चिंच-लिंबू लावू नये. पारखण्याच्या नादात पुरावाच धुऊन जातो.

‘पाया खणताना सोन्याचे मणी सापडले, गुपचूप स्वस्तात देतो’ असे सांगून पितळ गळ्यात मारणारे ठकही याच अज्ञानावर जगतात. शोधाची हकीकत जितकी रोमांचक आणि गुप्त, तितका संशय अधिक, हे सूत्र येथे उपयोगी पडते.

चौथी कसोटी : लिपी आणि भाषा

लेख असेल तर लिपी, भाषा आणि आशय या तिघांनी एकच काळ सांगितला पाहिजे. अशोककालीन ब्राह्मीची अक्षरे आणि सातवाहनांच्या अखेरच्या काळातील अक्षरे यांत स्पष्ट फरक आहे. बनावट लेख करणारा बहुधा छापील तक्त्यावरून अक्षरे उतरवतो; मग एकाच ओळीत दोन-तीन शतकांची वळणे एकत्र येतात, किंवा ब्राह्मी अक्षरांत आजची भाषा डोकावते.

लेखांची बनवाबनवी ही काही आजची नव्हे. उत्तर प्रदेशातील मधुबन येथील सम्राट हर्षवर्धनाचा ताम्रपट (इ. स. ६३१) सांगतो की सोमकुंडका हे गाव वामरथ्य नावाचा ब्राह्मण बनावट शासनाच्या, म्हणजे ‘कूटशासना’च्या, आधारे उपभोगत होता, राजाने ते शासन मोडून गाव दुसऱ्यांना दिले. चौदाशे वर्षांपूर्वीही जमिनीसाठी खोटे कागद, नव्हे खोटे तांबे, तयार होत होते! तेव्हा ‘ताम्रपट आहे’ एवढ्याने दावा सिद्ध होत नाही. त्या लेखाने लाभ कोणाचा होत होता, हा प्रश्नही इतिहासकाराने विचारावा.

आपल्याच भीमेच्या काठचे एक उदाहरण मात्र मन प्रसन्न करणारे आहे. पंढरपूरहून वाहत जाणारी ही नदी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती गावाजवळून जाते. १९८६ मध्ये तेथील चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालच्या बैठकीचा दगड उघडा पडला. त्यावर सम्राट अशोकाचे धम्मलेख होते. शिळेच्या मध्यभागी मूर्ती बसवण्यासाठी खाच पाडल्याने काही अक्षरे नष्ट झाली, तरी उरलेल्या मजकुराची लिपी, प्राकृत भाषा आणि आशय इतर ठिकाणच्या अशोकलेखांशी जुळतात. येथे जागा नंतरची, शिळा मात्र मौर्यकालीन. जवळच कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने स्तूप खणला, तेव्हा अशोकाचे नाव ब्राह्मीत कोरलेले राजाचे शिल्प मिळाले. शासकीय उत्खनन, नोंदवलेली जागा आणि भोवतालचे शेकडो शिल्पपट यांमुळे त्याच्या सत्यतेवर बोट ठेवायला जागा उरली नाही.

पाचवी कसोटी : प्रयोगशाळा

विज्ञानाची मदत मोठी आहे, पण तिची मर्यादा माहीत हवी. विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास विकसित केलेली कार्बन-१४ पद्धती केवळ एकेकाळी सजीव असलेल्या द्रव्याला लागू पडते : कोळसा, धान्य, हाड, लाकूड. दगडी मूर्तीचे किंवा तांब्याच्या नाण्याचे ‘कार्बन डेटिंग’ झाले, असे कोणी सांगितले तर समजावे की सांगणाऱ्याला विषय ठाऊक नाही. भाजलेल्या मातीसाठी तापदीप्ती पद्धती आहे. ती भांडे शेवटचे केव्हा तापले ते सांगते. क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूतील घटक कळतात. मात्र प्रयोगशाळा वस्तूचे द्रव्य तपासते. ती वस्तू कोणत्या शेतात निघाली हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. त्यासाठी प्रामाणिक नोंदच लागते.

श्रद्धेच्या विषयात अधिक सावधगिरी

आता या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. जेथे श्रद्धा मोठी, तेथे फसवणुकीलाही वाव मोठा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलोइस आंटोन फ्युरर नावाचा जर्मन विद्वान वायव्य प्रांत व अवध येथे पुरातत्त्व खात्यात अधिकारी होता. त्याने ऊ मा या ब्रह्मी भिक्खूंना बुद्धांचे म्हणून अवशेष पाठवले. त्यांतील ‘बुद्धांचा दात’ पुढे घोड्याचा निघाला! नेपाळच्या तराईतील त्याच्या उत्खननांतही बनावट लेख असल्याचे १८९८ मध्ये उघड झाले, त्याला पद सोडावे लागले आणि बुद्धांच्या जन्मभूमीवरील त्याचा ग्रंथ शासनाने मागे घेतला.

त्याच्या लबाडीची झळ कोणाला बसली? खऱ्या शोधांना. डिसेंबर १८९६ मध्ये लुंबिनीच्या अशोकस्तंभाचा लेख उजेडात आला तेव्हा फ्युरर तेथे होता. म्हणून त्या लेखावरही शंका घेतल्या गेल्या. वस्तुतः तो लेख जमिनीखाली दडलेल्या भागावर होता, खोदकाम नेपाळचे अधिकारी खड्ग शमशेर यांच्या देखरेखीखाली झाले होते, आणि लिपी व भाषा अशोकाचीच आहे.

जानेवारी १८९८ मध्ये पिप्रहवा येथील स्तूपात विल्यम पेपे या जमीनदाराला अस्थी, रत्ने आणि ब्राह्मी लेख असलेला करंडक मिळाला. फ्युररशी त्याचा संपर्क होता, एवढ्यावरून हा शोधही दीर्घकाळ संशयाच्या छायेत राहिला. १९७१ पासून के. एम. श्रीवास्तव यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. पेपेच्या मंजूषेहूनही खाली, अस्पर्श थरात, अस्थींसह आणखी करंडक मिळाले आणि विहारात कपिलवस्तूच्या भिक्खुसंघाचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. थराने आणि सोबतच्या वस्तूंनी साक्ष दिली तेव्हा शोधाला बळ आले. एका माणसाच्या खोटेपणाने खऱ्या पुराव्यालाही पाऊण शतक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे. एखादा गोल दगड दिसला की स्तूप, कोणतीही ध्यानस्थ मूर्ती दिसली की बुद्ध, असे घाईने जाहीर करू नये. ध्यानस्थ मूर्ती जैन तीर्थंकरांचीही असते. अंगावर चीवराची रेषा आहे का, छातीवर श्रीवत्स आहे का, पीठावर लांछन आहे का, हे आधी पाहावे. आपला खरा वारसा इतका समृद्ध आहे की त्याला खोट्या आधाराची गरज नाही. आणि आपण केलेला एक कच्चा दावा आपल्या शंभर पक्क्या दाव्यांची किंमत कमी करतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आदर्श येथे समोर ठेवावा. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी इतिहासकाराच्या कर्तव्याची चर्चा केली आहे : खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित वेगळे करणे. जेथे थेट पुरावा नव्हता तेथे आपण अनुमान केले आहे, हे त्यांनी लपवले नाही आणि आपला सिद्धान्त अंतिम असल्याचा दावाही केला नाही. एवढा अधिकारी पुरुष जर स्वतःच्या मताला पुराव्याच्या तराजूत ठेवतो, तर आपण कोण?

वस्तू सापडल्यास काय करावे?

१. खोदणे तत्काळ थांबवावे. वस्तू अर्धी मातीत असेल तर तशीच ठेवावी.
२. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गट क्रमांक, खोली, मातीचा रंग, दिनांक, पाहणाऱ्यांची नावे वहीत लिहावीत.
३. आसपासची खापरे, विटा, हाडे फेकू नयेत.
४. वस्तू धुऊ नये, घासू नये, शेंदूर लावू नये.
५. तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास लेखी कळवणे बंधनकारक आहे.
६. विकू नये. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुराणवस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही.

तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या आणि त्यातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली. ज्वालामुखीने दिलेली ही तारीख तेरच्या मूर्तीचा काळ ठरवायलाही साहाय्यक ठरली. एका गावच्या माणसाने जपलेली वस्तू जगाच्या इतिहासाशी कशी जोडली जाते, हे पाहण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी तेरला जावे.

स्वाध्याय

१. ‘नक्कल असूनही अस्सल पुरावा’ हे विधान तेरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. नालासोपारा स्तूपातील निक्षेपाचा काळ केवळ नाण्यावरून का ठरवता येत नाही?
३. दायमाबादची शिल्पे थरात, नोंदींसह मिळाली असती तर कोणता वाद टळला असता?
४. आपल्या गावातील पांढरीची जागा वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर दाखवा. तेथे पूर्वी काय सापडले, कोणी पाहिले, आज ते कोठे आहे, याची नोंद करा. ऐकीव माहिती आणि स्वतः पाहिलेली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्या दोन रकान्यांतील रेघ नीट ओढता आली, तर हा पाठ समजला असे म्हणता येईल.